रुग्णाची कूस कोणी बदलायची?

गेल्या पावसाळ्यात एक ताई आमच्या कार्यालयात आल्या. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचे केसपेपर, एक्स-रे आणि मृत्यूचा दाखला होता. नवरा सेंट्रिंगचे काम करणारा मजूर. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून पडला, पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. सरकारी रुग्णालयात तो २६ दिवस खाटेवर होता. कण्याच्या दुखापतीने त्याचा जीव गेला नाही. माकडहाडावर पडलेली जखम हाडापर्यंत गेली, तिच्यातून जंतुदोष रक्तात पसरला आणि त्यातच तो गेला. दाखल्यावर 'सेप्टिसिमिया' एवढा एकच शब्द आहे. ताईंनी आम्हांला विचारले, "साहेब, माझा माणूस वरून पडून मेला, का खाटेवर पडून राहून मेला?"

ताईंना वॉर्डातील मावशीवर केस करायची होती. त्यांचे म्हणणे असे, "तिला दहादा बोलावलं, ती आली नाही. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही बायको आहात ना, तुम्हीच कूस बदला. मी एकटी बाई, तो मला हलायचा नाही." चौकशी केली तेव्हा कळले की, ती मावशी ताईंच्याच वस्तीत दोन गल्ल्या सोडून राहते. आम्ही तिलाही भेटलो. ती कंत्राटदाराकडची. रात्रपाळीला दोन वॉर्ड मिळून दोन मावश्या. एकीला नमुने घेऊन प्रयोगशाळेत किंवा मयत घेऊन खाली पाठविले की दुसरी एकटीच उरते. ती म्हणाली, "साहेब, लुळ्या माणसाला कुशीवर करायला दोन माणसं लागतात. मी कुणाकुणाचं करू? तीन महिने पगार नाही, आणि वरून शिव्या मलाच." या दोघीही पौर्णिमेला एकाच विहारात येतात. आज त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

येथे थांबून विचार केला पाहिजे. एका बाजूला विधवा, दुसऱ्या बाजूला कंत्राटी मावशी. दोघीही आपल्याच समाजाच्या, दोघीही हातावर पोट असणाऱ्या. त्यांच्या या भांडणात रुग्णालयाचे प्रशासन कोठेच नाही! मावश्या किती नेमायच्या हे ज्याने ठरविले, हवेच्या गाद्या ज्याने घेतल्या नाहीत, कूस बदलल्याची नोंद ठेवण्याचा नियम ज्याने केला नाही, तो या भांडणातून अलगद सुटला. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. रुग्णालयात खाटेवर पडून होणारी जखम हे रुग्णाचे नशीब नव्हे, नातेवाइकांचा हलगर्जीपणा नव्हे आणि बहुतेक वेळा एकट्या मावशीचा किंवा सिस्टरचा गुन्हाही नव्हे. ती व्यवस्थेची जखम होय.

या जखमेला कोणी बेडसोर म्हणतात, पुस्तकी मराठीत तिला शय्याव्रण म्हणतात. ती होते कशी हे प्रत्येकाने समजून घ्यावे. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलत असतो. एका जागी दाब बसला की शरीर आपोआप हलते. ज्याला कण्याचा मार लागला, लकवा झाला, जो बेशुद्ध आहे किंवा म्हातारपणाने गलितगात्र झाला आहे, त्याचे शरीर हलत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, रक्त पोहोचत नाही आणि तो भाग मरू लागतो. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागा पहिल्यांदा जातात. त्यात लघवी-शौचाचा ओलावा, खाटेचे डोके उंच ठेवल्याने अंग खाली घसरून कातडीला बसणारी ओढ आणि पोटात पुरेसे अन्न नसणे यांची भर पडते. पुष्कळदा आतले हाडालगतचे मांस आधी मरते आणि वरची कातडी नंतर फाटते. म्हणून जखम दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. पाठ्यपुस्तकात पहिली खूण सांगितली आहे ती लालीची. बोटाने दाबल्यावर पांढरी न होणारी लाली दिसली की धोका समजावा, असे विद्यार्थ्यांना शिकवितात. परंतु ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते. सावळ्या आणि काळ्या कातडीवर ती दिसत नाही किंवा फार उशिरा दिसते. म्हणून गडद वर्णाच्या रुग्णाच्या बाबतीत हात लावून पाहावे लागते. तो भाग आजूबाजूपेक्षा गरम आहे का, थंड आहे का, कडक किंवा लिबलिबीत लागतो का, रंग जांभळट किंवा अधिक काळसर झाला आहे का, तेथे दुखते का. २०१९ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही हे सांगितले आहे. जो हातच लावत नाही, त्याला काळ्या कातडीखालची जखम कळणार कशी?

सर्वच बेडसोर टाळता येतात असे कोणी म्हणणार नाही. मरणाच्या दारात असलेल्या काही रुग्णांना उत्तम शुश्रूषा करूनही ते होतात. परंतु बहुतेक टाळता येतात, आणि हे ज्ञान नवे नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या शुश्रूषेवरील पुस्तकात या जखमेचा दोष आजाराला न देता शुश्रूषेला दिला. आपण जागेवर नसतानाही काम तसेच चालू राहील अशी तजवीज प्रमुखाने केली पाहिजे, या विषयावर त्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणजे शुश्रूषेचे दुसरे नाव व्यवस्थापन, हे या बाईंना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते.

दुसरे उदाहरण लुडविग गुटमन यांचे. हे ज्यू डॉक्टर हिटलरच्या छळामुळे १९३९ साली जर्मनी सोडून इंग्लंडला आले. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक बेडसोर आणि लघवीच्या जंतुदोषाने थोड्याच काळात मरत. त्यांच्यावर उपचार म्हणजे वेळेचा अपव्यय, असे डॉक्टर मानत. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे गुटमन यांच्याकडे असा विभाग सोपविला गेला. त्यांनी एक नियम घातला. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, बदललीच पाहिजे. त्यासाठी सेवकांची पथके केली आणि रात्री स्वतः फिरून तपासणी केली. माणसे जगू लागली. २९ जुलै १९४८ रोजी याच रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांच्या स्पर्धा झाल्या, आणि त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिकचा जन्म झाला. गुटमन यांच्या हाती कोणते जादूचे औषध होते? नियम, माणसे आणि तपासणी या तीन गोष्टी होत्या.

त्यानंतर जगात या कामाची शिस्त बसत गेली. १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी मोजपट्टी तयार केली. रुग्णाची संवेदना, ओलावा, हालचाल, स्वतः कूस बदलण्याची ताकद, आहार आणि घर्षण या सहा बाबींवर ६ ते २३ गुण द्यायचे. १८ किंवा कमी गुण आले की रुग्ण धोक्यात आहे असे समजायचे. यासाठी यंत्र लागत नाही. एक छापील कागद आणि प्रशिक्षित सिस्टरची काही मिनिटे लागतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१४ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. धोक्यातील प्रौढ रुग्णाची स्थिती निदान दर ६ तासांनी आणि जास्त धोक्यातील रुग्णाची निदान दर ४ तासांनी बदलावी, चांगल्या प्रतीची फोमची गादी द्यावी, असे त्यांत आहे. अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजनेने १ ऑक्टोबर २००८ पासून, रुग्णालयात दाखल झाल्यानंतर झालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या शय्याव्रणांसाठी जादा पैसे देणे बंद केले. त्यामुळे रुग्णाच्या अंगावर आल्या दिवशीच जखम होती की नाही, हे लिहिणे रुग्णालयांना भाग पडले. आपल्याकडेही रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या गुणवत्ता निर्देशांकांत रुग्णालयात झालेल्या शय्याव्रणांची मोजणी आहे. म्हणजे मानक नाही ही सबब चालणार नाही.

आता हिशेब करू. समजा, एका वॉर्डात ४० रुग्ण आहेत आणि त्यांपैकी १० जणांना स्वतः कूस बदलता येत नाही. १२ तासांच्या रात्रपाळीत दर दोन तासांनी म्हणजे प्रत्येकाची ६ वेळा, एकूण ६० वेळा कूस बदलायची. एका वेळेला दोन माणसे आणि पाच मिनिटे धरली तर ३०० मिनिटे, म्हणजे दोघांचे पाच तास केवळ या एका कामाला हवेत. कपडे बदलणे, भांडे देणे, स्ट्रेचर ओढणे, नमुने पोहोचविणे हे सगळे वेगळे. चांगली गादी दिली, कातडी ठीक राहते आहे हे तपासून चार तासांवर जाता आले, तर हेच काम अर्ध्यावर येते. तेव्हा गादीचा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे. पण दोन वॉर्डांना दोन मावश्या देऊन हे काम होईल असे ज्याला वाटते, त्याला बेरीज येत नाही किंवा माणसाची किंमत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे मानक अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्री नऊनंतर जाऊन वाचकांनी स्वतः मोजून पाहावे.

हे काम इतके दुर्लक्षित का राहिले? कारण आपल्या समाजात घाण काढणे हे उपचार समजले जात नाही. इंजेक्शन हा उपचार, ऑपरेशन हा उपचार, आणि लघवीने भिजलेली चादर बदलून माणसाला कुशीवर करणे हे मात्र हलके काम! जातिव्यवस्थेने कामांबरोबर काम करणाऱ्यांचीही उतरंड लावली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. तीच उतरंड वॉर्डात उभी आहे. सर्वांत खालचे काम सर्वांत खालच्या माणसाकडे, सर्वांत कमी पगारावर, तेही कंत्राटदारामार्फत. त्या कामाचा तक्ता नाही, प्रशिक्षण नाही, त्याची नोंद नाही. आणि जखम झाली की जबाबदारी मात्र त्याच मावशीची. ज्याला अधिकार काहीच नाही त्याच्यावर जबाबदारी सगळी, हा न्याय आमच्या ओळखीचा आहे.

विनयपिटकातील महावग्गात या विषयाला थेट भिडणारा एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले, पाणी मागविले, दोघांनी त्याला स्वच्छ केले आणि तथागतांनी डोक्याकडून, आनंदाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. प्रवचनांत ही कथा करुणेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि तेथेच संपते. परंतु खरा भाग पुढे आहे. तथागतांनी संघाला एकत्र बोलाविले, याची शुश्रूषा का झाली नाही असे विचारले आणि नियम घालून दिला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य किंवा सहनिवासी असेल तर त्याने शुश्रूषा करावी. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावी. न केल्यास तो दोष मानला जाईल. एका आजाऱ्याला धुऊन तथागत थांबले नाहीत. उद्या दुसरा आजारी पडला तर त्याची कूस कोणी बदलायची, हे त्यांनी ठरवून दिले आणि शेवटची जबाबदारी संघटनेवर ठेवली. रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून आम्ही याहून वेगळे काय मागतो?

आमच्या मागण्या लिहून ठेवण्यासारख्या आहेत. प्रत्येक रुग्णाची कातडी दाखल होताना तपासून केसपेपरवर नोंद व्हावी आणि धोक्याचे गुण त्याच दिवशी मांडले जावेत. धोक्यातील रुग्णाच्या खाटेला कूस बदलण्याचा तक्ता असावा आणि त्यावर वेळ व सही असावी. चांगल्या गाद्या, उशा व कोरड्या चादरी वॉर्डात हाताशी असाव्यात, कुलपाच्या भांडारात नव्हे. कूस बदलण्यासाठी प्रत्येक पाळीत किमान दोन माणसांची जोडी नेमलेली असावी. मावशी आणि मामांना प्रशिक्षण, हातमोजे आणि वेळेवर पगार मिळावा, आणि कायम स्वरूपाच्या कामावर कायम माणसे नेमावीत. अशा रुग्णांच्या आहारात अंडी, दूध, डाळ असावी. दर महिन्याला नव्या जखमा मोजून तो आकडा वॉर्डाबाहेर लावावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, जखम कळविणाऱ्या सिस्टरला मेमो देऊ नये. कळविणाऱ्याला शिक्षा झाली की जखमा थांबत नाहीत, नोंदी तेवढ्या थांबतात.

"निधी नाही," असे उत्तर येईल. त्याला कायद्याचे उत्तर आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, सरकारी रुग्णालयात आवश्यक उपचार मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि पैशांच्या चणचणीचे कारण पुढे करून राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही. त्याच वर्षी अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची भरपाई राज्याने दिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. निकालाला ३३ वर्षे लागली हे खरे, परंतु तत्त्व आमच्या हाती आले. कोणत्या एका माणसाचा हात चुकला यावर अडून न बसता संस्थेला जाब विचारता येतो.

अडचणही सांगितली पाहिजे. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार, जेथे सर्वांनाच पूर्ण मोफत सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहते. जेथे काहींकडून पैसे घेतले जातात तेथे मोफत रुग्णालाही तक्रार करता येते, आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात हे कार्यालय असते, तेथे जावे. केसपेपरची प्रत मागितल्यास ती ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक नियमावलीत आहे. ही प्रत रुग्ण रुग्णालयात असतानाच मागावी. मृत्यूनंतर कागद मिळविताना चपला झिजतात.

नातेवाइकांनीही काही गोष्टी पाळाव्यात. पाठीवर लाली किंवा काळसर डाग दिसला तर तो भाग चोळू नये. स्पिरिट-पावडर लावून मालीश करण्याची जुनी रीत आता चुकीची ठरली आहे. चोळल्याने आतले मांस अधिक दुखावते. भोकाची गोल गादी वापरू नये, तिच्या कडेने दाब वाढतो. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. माणसाला ओढू नये, चादरीसकट उचलावे. हवेची गादी आली म्हणून कूस बदलणे थांबवू नये. आणि डाग दिसल्याबरोबर सिस्टरना दाखवून केसपेपरवर लिहून घ्यावा. हे सांगतो याचा अर्थ रुग्णालयाची जबाबदारी आम्ही नातेवाइकांवर ढकलतो असा नव्हे. मदत करणे वेगळे आणि जबाबदारी घेणे वेगळे.

राहिला ताईंचा प्रश्न. आम्ही माहितीच्या अधिकारात रुग्णालयाकडे अर्ज केला. मंजूर पदे किती, भरलेली किती, चालू स्थितीतील हवेच्या गाद्या किती, कूस बदलल्याचा तक्ता आणि गेल्या वर्षी किती रुग्णांना शय्याव्रण झाले याची माहिती मागितली. शेवटच्या दोन मुद्द्यांवर उत्तर आले की, अशा स्वतंत्र नोंदी ठेवल्या जात नाहीत. त्या २६ दिवसांच्या केसपेपरवरही जखमेचा पहिला उल्लेख अकराव्या दिवशी आहे, आणि तोवर ती तळहाताएवढी झालेली होती. हेच उत्तर आमचा पुरावा आहे. आम्ही नोटीस मावशीच्या नावाने काढली नाही. ती अधीक्षक आणि आरोग्य विभागाच्या नावाने काढली, आणि साक्षीदार म्हणून त्या मावशीला विचारले. नोकरी जाईल हे माहीत असूनही ती तयार झाली आहे. ताईंना हे पटायला दोन बैठका लागल्या. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "तिला साक्ष देऊ द्या. पण तिची नोकरी गेली तर तिची केसही तुम्हीच चालवा."

ती आम्ही चालवू. वाचकांकडून आमची अपेक्षा एकच आहे. आपल्या ओळखीचे कोणी खाटेला खिळले असेल तर फळे घेऊन भेटायला जाताना अधीक्षकांच्या दालनातही जावे आणि विचारावे, या वॉर्डात आज रात्री कूस बदलायला कोण आहे? त्याचे नाव सांगता आले नाही तर तसे लेखी मागावे. पाच-पन्नास माणसांनी दर आठवड्याला हा प्रश्न विचारला, तर तक्ता लागल्यावाचून राहणार नाही.

जयभीम!